झाडांमागचा लाकूडतोड्या

माझं बाळ नुकतंच झोपलं होतं. नोकरी गेल्यापासून गप्प झालेल्या दादासमोर मी लॅपटॉप ठेवला. पडद्यावर आमचा लहानपणीचा लढाईचा खेळ होता. सैन्य त्याचं असायचं, शेतं आणि लाकूडतोडे माझे.

वीस मिनिटांत शत्रूने आमचं गाव जाळलं. दादाने माऊस सोडला. "संपलं, चिमे. सगळंच."

"नाही संपलं. वरच्या कोपऱ्यात बघ."

झाडांमागे मी एक लाकूडतोड्या लपवला होता. तो जिवंत असेपर्यंत डाव संपत नाही. लहानपणी यावरूनच दादा ओरडायचा, "भित्री भागूबाई! लढायला पाठव त्याला."

आज ओरडला नाही. त्या एकट्याकडे बघत राहिला. मग खुर्ची पुढे ओढून त्याने माऊस हातात घेतला.

"लाकूड किती उरलंय गं?"

"एका घरापुरतं."

"पुष्कळ झालं."