पांढरी की राखाडी

"काचा पूर्ण वर जातात ना?" कांचनने विचारलं.

अशोका गार्डनमधल्या जुन्या गाड्या विकणाऱ्याला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. लोक ॲव्हरेज विचारतात, टायरला लाथ मारतात. त्याने काच वर-खाली करून दाखवली आणि म्हणाला, "मक्खन, भाभीजी."

पांढरी गाडी होतीच तशी. बाबांची स्कूटर तारण म्हणून दुकानाशी उभी राहिली आणि सगळे चक्कर मारायला निघाले. कांचनचा नवरा उदय स्टिअरिंगवर, शेजारी त्याचे बाबा. मागे आई, लीलाआत्या आणि दोघींच्या मध्ये, सँडविचमधल्या काकडीसारखी, कांचन.

गाडीचं खूळ उदयचं होतं, आणि त्याला कारण होतं. लग्नाला वर्ष होत आलं, तरी नवराबायकोचं एकही बोलणं शेवटापर्यंत गेलं नव्हतं. कारखान्याच्या टाउनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर. आतली खोली या दोघांची, पण तिला दाराऐवजी पडदा. पडद्यापलीकडे आत्या. आत्याला एरवी कमी ऐकू यायचं. बागेत बसावं, तर बाकाबाकावर बाबांच्या सेक्शनचं कुणीतरी. एकदा दोघं स्कूटरवरून थेट तलावावर गेली. तिथे बाबांचे फोरमन भेटले आणि ती संध्याकाळ त्यांच्या मुतखड्यावर गेली.

तेव्हा उदयने ठरवलं, गाडी घ्यायची. चार दारं, चार काचा, आत दोघं. बस्स.

प्रभात चौराहा यायच्या आत बाबांनी दर सोमवारी उज्जैनला महाकालाचं दर्शन पक्कं केलं. आत्याने गुडघ्याचा डॉक्टर लावला. आईने वरच्या मजल्यावरच्या सुशीलाकाकूंच्या जावयाला स्टेशनवरून आणायचं कबूलही करून टाकलं होतं. काकूंना काल जिन्यातच सांगितलं म्हणाली. तसं पाहिलं तर नवल काहीच नव्हतं. टाउनशिपमध्ये गाडी घेतो एक जण, पण ती असते अख्ख्या ब्लॉकची.

"छान चालते," उदय म्हणाला. तो इतक्या पडेल आवाजात का बोलला, ते बाबांना कळेना. क्लच जड असेल, असं त्यांना वाटलं.

दुसरी गाडी सोनागिरीत होती, उदयला शाळेत शिकवलेल्या सुधाकर सरांची. मॉडेल तेच, रंग राखाडी. करंजाच्या झाडाखाली ती इतके दिवस उभी होती, की टपावर चिमणीने संसार थाटला होता. सरांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, हादरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. या वेळी खोकलीही नाही.

बाबांनी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि ते अशा हळुवारपणे खाली ठेवलं, की आत्याने नकळत हात जोडले.

सर ओशाळले. चांगली माणसं ओशाळली की चहा करतात, तसे ते सगळ्यांना चहाला आत घेऊन गेले. सीटची शिवण बघतो असं सांगून उदय आणि कांचन मागे राहिले. दोघं मागच्या सीटवर बसली. दारं लावली. काचा वर केल्या. रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज एकदम लांब गेला.

कांचनने दोन्ही काचा वर असल्याची पुन्हा खात्री केली. सवयच नव्हती.

"मी चहात साखर घेत नाही," कांचन म्हणाली.

उदय बघतच राहिला. "घरी तर रोज पितेस."

"आत्या घालतात दोन चमचे. पहिल्याच दिवशी सांगायचं होतं तुम्हाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी?"

मग तिने आणखीही बरंच सांगितलं. शाळेत नाटकात ती सारखी राक्षस व्हायची, हे सांगितलं, आणि राक्षसाचं हसूही हसून दाखवलं, पूर्ण आवाजात. सरांच्या पायरीवर बाबा चहा पीत होते. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही.

घरी पांढरी गाडी एकमताने पास झाली. बाबांनी टपावर बसवायच्या कॅरिअरची चौकशीही केली, म्हणजे सुशीलाकाकूंच्या जावयाच्या बॅगा वर टाकता येतील. उदयने वाद घातला नाही. रविवारी व्यवहार करून येतो म्हणाला आणि कांचनला मागे बसवून स्कूटर काढली. अशोका गार्डनच्या वळणावर स्कूटर वळली नाही. कांचननेही का म्हणून विचारलं नाही.

सोनागिरीत सरांनी दार उघडलं आणि राखाडी गाडीसाठी आल्याचं कळताच त्यांचे डोळे भरून आले.

"तुझ्या वडिलांसमोर मान खाली गेली रे माझी," ते म्हणाले. "शिकवलेल्या पोराच्या गळ्यात मेलेली गाडी मारायची? दुसऱ्याच दिवशी चांगला मेकॅनिक बोलावला. आता ऐक."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि तृप्त मांजरासारखं घुरघुरत राहिलं. सर अभिमानाने मागे सरकले. "आता खुशाल जा उज्जैनला. सगळे जा."

कांचनने मागच्या सीटकडे एकदा पाहून घेतलं.

उदयने त्या घुरघुरत्या बॉनेटवर हात ठेवला. मग वर्गात बाहेर जायची परवानगी मागावी तसा, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सर, ही परत बंद पाडून मिळेल का?"