बांधावरच्या प्रल्हादचा फोटो

"फोटो खरा असेल तरच भिंतीवर चढेल," आत्मारामकाकांनी चहाचा कप खाली ठेवत बजावलं. "नाहीतर उद्या कोणीतरी उठायचा आणि विचारायचा, हा कोण?"

हरेशला हसू आलं. गावकीच्या नव्या सभागृहाला त्याच्या आजोबांचं नाव द्यायचं ठरलं होतं, आणि गावकीचे अध्यक्ष आत्मारामकाका म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस.

साठ वर्षांपूर्वी उधाणात खाडीचा बांध फुटला होता. प्रल्हाद आजोबा भगदाडात उतरले आणि मातीच्या गोण्या रचत राहिले. भगदाड बुजलं, गावाची भातशेती वाचली, आजोबा मात्र ओहोटीबरोबर गेले. घरात मागे राहिली तरणी जिजाआजी आणि चार महिन्यांचं पोर, म्हणजे हरेशचे वडील. दुसरा पुरुष नाही. आजोबा एकुलते एक होते.

"त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आज गावात कोण उरलंय?" काकांनी विचारलं.

"आमची आजी."

"मग तिनेच चार लोकांसमोर सांगायचं. झालं काम."

एवढ्याने हरेशचं समाधान झालं. वडिलांना जन्मभर एकच हौस होती, आपल्या बापाला गावाने ओळखावं. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आता रविवारी तो फोटो भिंतीवर चढला की हरेशच्या जिवावरचं ओझं उतरणार होतं.

फक्त फोटोला ओल लागली होती. काळा कोट, जरीची टोपी, खुर्चीत ताठ बसलेले आजोबा आणि त्यांचं ते धारदार नाक. त्या नाकाचा हरेशला कोण अभिमान! बायको संजना त्यावरून त्याला सतत चिडवायची. "तुमच्या घराण्यात असं नाक फक्त फोटोतच आहे हो. बाकी सगळे बटाटे."

वसईतल्या पापडीला जॅक्सनचा जुना फोटो स्टुडिओ होता. फोटोच्या मागे त्याच दुकानाचा शिक्का होता, म्हणून हरेश तिथेच गेला. पासष्टीचा जॅक्सन संगणकावर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो उजळत बसला होता. त्याने फ्रेम उघडली, चष्मा पुसला आणि फोटो खिडकीशी नेला. मग त्यातल्या चेहऱ्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"फार खराब झालाय का?" हरेश धास्तावला.

"नाही, नाही. चेहरा शाबूत आहे." जॅक्सनने डोळे चोळले. "ही धूळ बघा ना, दिवसभर डोळ्यांत जाते."

भिंतीवर जुने फोटो टांगले होते. त्यात एक मिसरूड न फुटलेला मुलगा होता, पण त्याला पांढऱ्या मिशा रंगवलेल्या. हरेश फिसकन हसला.

"हसू नका," जॅक्सन म्हणाला. "त्या पोराचा बाप फोटो न काढताच वारला. मग बापाचे कपडे घालून पोरगा बसला. तेव्हा असंच चालायचं. घरच्यांना हार घालायला एक चेहरा लागतो ना."

"आमच्या आजोबांनी बरा वेळेवर काढून ठेवला म्हणायचा," हरेश अभिमानाने म्हणाला. "कधी तालुक्याला न गेलेला माणूस, पण फोटो काढायला पापडीला आला!"

जॅक्सनने नुसती मान हलवली. हा स्टुडिओ काढणाऱ्या बस्त्यावमामांचा, म्हणजे जॅक्सनच्या वडिलांचा फोटो हरेशने भिंतीवर शोधला. तो कुठेच नव्हता.

"पप्पांचा फोटोच नाही," जॅक्सन म्हणाला. "मी पंधरा वर्षांचा असताना ते गेले. सगळ्या वसईचे फोटो काढले, पण स्वतः कधी बसले नाहीत. निदान आम्ही तरी असंच समजत होतो."

शनिवारी फोटो तयार झाला. आजोबा असे काही उजळले होते की आता बोलतील असं वाटावं. हरेशने जॅक्सनचे दोन्ही हात धरले. त्याला खरंच भरून आलं होतं.

"एक मागू?" जॅक्सन अडखळत म्हणाला. "याची एक प्रत मी ठेवली तर चालेल? पप्पांची आठवण म्हणून."

"एक सोडून दोन ठेवा की! आणि उद्या कार्यक्रमाला या."

रविवारी सभागृह गच्च भरलं. आत्मारामकाकांनी फोटोवरचा पडदा सारला. हरेशने आजीचा हात घट्ट धरला. आता सगळं तिच्या एका शब्दावर होतं.

"जिजाकाकी," काकांनी मोठ्याने विचारलं, "फोटो ओळखलास ना?"

आजीने पदर सावरला. "साठ वरसं रोज सकाळी ह्याच तोंडाला हार घातलाय मी. आनि तू मला इचारतंस?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकाही लाजून हसले. हरेशला वाटलं, आज बाबा हवे होते. हार घेऊन तो पुढे सरसावला, तेवढ्यात आजीने त्याचं मनगट धरलं.

"तो बस्त्यावचा पोर आलाय का? त्याला बोलव."

मागच्या रांगेतून जॅक्सन संकोचत पुढे आला. आजीने हार हरेशच्या हातातून काढून त्याच्या हातात दिला. फोटो उजळून दिला म्हणून आजी मान देते आहे, असं सगळ्यांना वाटलं. हरेशलाही तेच वाटलं आणि आजीच्या मोठ्या मनाचं कौतुकही वाटलं.

मग आजी जॅक्सनच्या कानाशी वाकली. ती काय बोलली ते शेजारी उभ्या असलेल्या हरेशलाच तेवढं ऐकू आलं.

"पैला हार तू घाल, बाबा. आमच्या मानसाचा फोटो कधी काढलाच नव्हता. खुर्चीवर तुझा बाप बसलेला, बटन मी दाबलेलं."