झाकणाची फट

“आल्या! पुन्हा आल्या तुझ्या मुंग्या!” सासूबाईंनी खुर्चीतून हाक दिली. “ये, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

सून इस्त्री तशीच उभी करून धावली. सासूबाईंचे पाय, पायपुसणे, खुर्चीचा तळ, सारे तिने निरखून पाहिले. मुंगी औषधालाही नव्हती.

“एकही नाही, आई.”

“तू येईपर्यंत थांबतील होय? पाळणारीचाच गुण घेतलाय. हाक मारली की पसार!”

सून इस्त्रीकडे परतली. खिडकीच्या कठड्यावर काचेची पेटी होती. एका राणीमुंगीपासून तिने वाढवलेला तो संसार. संध्याकाळी कापसावर मधाचा थेंब ठेवायचा आणि पांढरी अंडी तोंडात धरून चाललेली ती लगबग पाहत बसायचे. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता.

रात्री तिने नवऱ्याला पुन्हा पेटी तपासायला लावली. तसबिरींना काचा बसवणे हा त्याचा धंदा. पेटीही त्यानेच जोडली होती.

“झाकणाला फट नाही. काठाला आतून तेल आहे. वर चढली तरी घसरून खाली येते.”

“मग आईंच्या पायांवर काय माझी माहेरची माणसं चढतात?”

तो हसला. ती हसली नाही.

सासूबाईंच्या तक्रारींना अलीकडे धरबंध उरला नव्हता. चप्पल कोणीतरी लपवते, ही त्यातली एक. प्रत्यक्षात ती बोळात पडलेली असे आणि सासूबाई अनवाणी पुढे निघून आलेल्या असत. पाय शेकायला पाणी आणावे, तर त्यावरही बोल. त्या पाण्याने सुनेची बोटे पोळली होती. सासूबाई मात्र दोन्ही पाय बुडवून म्हणाल्या, “नळाचंच आणलंस ना? एवढाही त्रास नको व्हायला सूनबाईंना!”

सुनेला कढ आवरेना. या बाईंना माझे काही म्हणून गोड लागायचे नाही, हे तिने मनाशी पक्के केले.

मुंग्यांचा धोशा चालूच राहिला. बसल्या की मुंग्या, निजल्या की मुंग्या. अखेर जेवताना सासूबाईंनी ताट सारले.

“या घरात राणी एकच. दुसरी मी खपवून घेणार नाही.”

नवरा पाण्याचे भांडे फिरवीत राहिला. “देऊन टाकू कोणाला तरी,” तो पुटपुटला.

“आठवडाभर थांबा,” सून म्हणाली. “नीट सांभाळणारं माणूस शोधते.”

“शोध, शोध,” सासूबाई म्हणाल्या.

पण थांबणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. सकाळी सून कपडे वाळत घालत असताना आत खळ्ळकन आवाज झाला. ती धावत आली. सासूबाई काठी टेकून खिडकीशी उभ्या होत्या. जमिनीवर काचांचा खच, माती, आणि त्यांतून अंडी वाचवीत सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या.

“आई, हे काय केलंत!” ती गुडघ्यांवर बसली आणि कागदाच्या कपट्याने मातीत राणी शोधू लागली.

नवरा दाराशी येऊन थबकला. “आई, हलू नकोस. खाली काच आहे.”

“मला चालायला शिकवू नकोस. तुला मी शिकवलंय.”

आणि त्या ताठ मानेने, सावकाश, खोली ओलांडून आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. चप्पल आजही बोळातच राहिली होती.

“बघ! अजून आहेतच पायांवर,” त्या करवादल्या. “एकूण एक वेचून बाहेर टाक.”

सुनेच्या हातातला कपटा गळून पडला होता. ती दोघे जमिनीकडे पाहत होती. सासूबाईंनीही पाहिले. खिडकीपासून लाल ओली पावले उमटत आली होती, थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत.

“हे रक्त कोणाच्या पायाचं?” त्यांनी दरडावून विचारले. “एवढी काच पडलीय, दिसत नाही का कोणाला?”