तेलाची टाकी

“काम काय करता?” रिपोर्ट बाजूला ठेवत डॉक्टरांनी विचारलं. “नळ्यांच्या कारखान्यात प्लास्टिक मऊ करायचं तेल मिसळतो,” तो म्हणाला. “उघड्या हातांनी?” “हातमोज्यांत बोटं चालत नाहीत.” “तेलातली रसायनं पुरुषाचे हार्मोन बिघडवतात. तुमच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ उरलेलेच नाहीत.” मूल नाही म्हणून इतकी वर्षं सासूचे टोमणे मुकाट गिळलेल्या त्याच्या बायकोने रिपोर्ट उचलून पर्समध्ये ठेवला. घरी धाकटा भाऊ लग्नाचे नवे बूट घालून आरशासमोर मिरवत होता. थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “कारखाना उद्याच सोड. त्या तेलाने माझा वंश बुडाला, तुझा बुडू देणार नाही.” धाकट्याचा चेहरा उतरला. “दादा, मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्याच तेलाची टाकी आत उतरून घासतोय. तूच तर मला तिथे चिकटवलंस.” त्याच्या स्वरात रागसुद्धा नव्हता. थोरल्याने खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.