दुभाष्या

"चारावर ठेवलंय," सुपरवायझर काका काळं बटण फिरवत म्हणाले. "मघाशी बदक बोलत होतं, आता माणूस बोलेल. हं, बोला."

खोक्यातून खरखर आली आणि पाठोपाठ तिच्या नवऱ्याचा आवाज. सपाट, धुऊन पिळून काढल्यासारखा, पण माणसाचा. "मने, आलीस?"

तिचा जीव भांड्यात पडला.

आज आठवा दिवस. समोरच्या पोलादी टाकीत चौघे शिकाऊ पाणबुडे कोंडून घेतलेले: तिचा नवरा, एक वेल्डर आणि दोघे सख्खे भाऊ. आत पाण्याचा थेंब नाही, पण दाब शंभर मीटर खोल समुद्राइतका. एवढ्या दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि ऑक्सिजन थोडा जास्त झाला तरी विषासारखा बाधतो. म्हणून आत शंभरात शहाण्णव भाग हेलियम आणि चार भाग ऑक्सिजन. पहिल्या दिवशी हे ऐकून तिनं "चारच?" असं तीनदा विचारलं होतं. हेलियमनं जीव सांभाळला जातो. आवाज मात्र इतका किरटा होतो की एक शब्द कळत नाही. ते किरटं बोलणं उलगडून देणाऱ्या खोक्याला इथं सगळे दुभाष्या म्हणत.

"याला शब्द कळतात, माणसं कळत नाहीत हं," काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. "चौघांना मिळून एकच गळा देतो बेटा." ती हसली होती.

कडेवरच्या पोरीनं मायक्रोफोन ओढून घेतला. "कुक्!"

"हो हो, कुक्," खोकं म्हणालं.

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं मायक्रोफोनवर तळवा ठेवला.

"हे बाबा नाहीत," पोर म्हणाली.

"बाबाच आहेत गं. यंत्रातून बोलतायत."

"बाबा बुऽवा म्हणतात."

"दमलेत ते. गप जरा."

पोरीच्या खेळात घालवायला तिच्याकडे वेळ नव्हता. बसमध्ये घोकून ठेवलेली सगळी वाक्यं आता ऐन वेळी दगा देत होती. तिनं तळवा काढला.

"ऐक. ते दोनशे मीटरचं काम. सहा महिने. त्या कागदावर सही नको करूस. कारण-बिरण विचारू नकोस, मला भीती वाटते, बस."

खरखर.

"नाही करत."

"पोरीची शपथ?"

"पोरीची नको. माझी घेतो."

एवढं पुरे होतं. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं हे तिला आत्ता कळलं. ती काकांकडे वळली. "काका, यांचा करार कोराच घ्या बरं का परत."

काका दाबाचे काटे बघून वहीत आकडे टिपत होते. मान वर न करता म्हणाले, "कागद? ते सकाळीच आले की बाहेर, जेवणाच्या छोट्या दुहेरी झडपेतून, ताटांबरोबर. चौघांच्याही सह्या आहेत." आणि त्यांनी फाइल तिच्याकडे सरकवली.

तिसरी सही त्याची होती. शेवटच्या अक्षराखालची रेघ दोनदा गिरवलेली, गॅसच्या पुस्तकावर करतो तशीच.

"खोटं बोललास?" तिनं मायक्रोफोनमध्ये विचारलं. तोंडावर विचारायचं होतं, म्हणून तशीच वायर ओढत ती टाकीच्या गोल काचेपाशी गेली. काच ताटलीएवढी. पलीकडे तो हाताच्या अंतरावर. पण दाब उतरवायला आज सुरुवात केली तरी दार उघडायला पाच दिवस. घाईनं उघडलं तर रक्तात बुडबुडे होतात. हेही तिनं तीनदा विचारून घेतलं होतं.

तिनं काचेला कपाळ लावलं.

दोघे भाऊ मेजाशी पत्ते खेळत होते. खालच्या बाकावर तिचा नवरा उताणा झोपला होता. तोंड उघडं, हात छातीवर, पायात तिनंच रफू केलेले हिरवे मोजे. गाढ.

त्याच्या पायथ्याशी वेल्डर बसला होता. झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून तोंडाशी मायक्रोफोन अगदी जवळ धरून.

"चिडू नकोस, मने," नवऱ्याचा आवाज पाठीमागून, खोक्यातून आला. समोर वेल्डरचे ओठ हलले.

पोर काचेवर नाक चपटं करून आत बघत होती. तिनं पोरीला घट्ट धरलं आणि शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "पोरीनं कुक् म्हटलं, की काय म्हणायचं असतं?"

वेल्डरनं मान वर केली. काचेत तिला पाहिलं. तो दचकला नाही. मायक्रोफोनही खाली ठेवला नाही. आधी झोपलेल्याकडे बघितलं, मग पोरीकडे.

"तूच सांगून ठेव ना, मने," नवऱ्याचा आवाज म्हणाला. "तिथं सहा महिने मलाच ते म्हणावं लागणार आहे."