पृथ्वीबद्दल दिलगिरी

"इथे तुझा सही पाहिजे," सीमा म्हणाली आणि तिने कागद देवयानीपुढे सरकवला.

सीमा म्युझियमची मॅनेजर. जन्म बर्मिंगहॅमचा, त्यामुळे तिच्या मराठीत सहीसुद्धा पुल्लिंगी. देवयानी नागपूरची, फिजिक्स शिकलेली. ब्रिस्टलच्या या छोट्याशा सायन्स म्युझियममध्ये ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना माहिती सांगायची. मंगळवारी पितळी सूर्यमालेपाशी ती म्हणाली होती, "कोपर्निकसने पृथ्वीला मधल्या पाटावरून उठवलं आणि सूर्याभोवती फिरायला लावलं." घोळक्यातल्या मिस्टर व्हिटकम नावाच्या आजोबांनी ते शांतपणे ऐकलं आणि घरी जाऊन तक्रार धाडली. पृथ्वी जागची हलत नाही असं त्यांचं मत होतं, आणि त्या मताचा अनादर झाला होता.

तक्रारीवर दोन मीटिंगा झाल्या. पृथ्वी फिरते की नाही, हा मुद्दा त्यांत आलाच नाही.

देवयानीने कागद वाचला. 'पृथ्वीच्या गतीबद्दलचं माझं विधान एकतर्फी होतं. यापुढे मी दोन्ही बाजू मांडेन.'

"अगं, पण ती फिरतेच," ती म्हणाली.

"मला पण माहीत आहे. पण ते हर्ट झालेत ना." सीमाने बिस्किटांची बशी पुढे केली. "आणि तुझा प्रोबेशन शुक्रवारी संपतो. मग व्हिसाचा लेटर मलाच लिहायचा आहे."

ती धमकावत नव्हती. तिला खरोखरच काळजी वाटत होती.

दर आठवड्याला देवयानी शाळेच्या मुलांना गॅलिलिओची गोष्ट सांगायची. म्हाताऱ्या गॅलिलिओला गुडघ्यांवर बसवून आपलं म्हणणं मागे घ्यायला लावलं होतं. "तुम्ही काय केलं असतं?" असं ती विचारायची, आणि सगळी मुलं एकसुरात म्हणायची, "आम्ही नसतं ऐकलं." इथे तर तिला कुणी गुडघे टेकायलाही सांगितलं नव्हतं. गादीची खुर्ची होती, समोर चहा होता.

तिने सही केली.

माफीपत्र स्वतः हातात द्यायचं, असा नियम होता. मिस्टर व्हिटकम बाहेर बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. चेहऱ्यावर समाधान कुठेच दिसेना.

"काही राहिलं का?" देवयानीने विचारलं.

"छत्तीस वर्षं मी शाळेत फिजिक्स शिकवलं," ते उठत म्हणाले. "हे माझं सातवं म्युझियम, आणि हे सातवं माफीपत्र. मंगळवारी तुमचं बोलणं ऐकलं आणि वाटलं, ही बाई तरी मला वेड्यात काढेल."