दोनपर्यंतच्या सह्या

हॉस्पिटलच्या खोलीत ओरविल टॅकेट न्हाणीघराच्या दारात पडला होता, खुब्याचं हाड मोडून. बारा वाजायला वीस मिनिटं होती, आणि पलंगासमोरच्या कागदावर दुपारी दोनपर्यंतच्या सह्या होऊन गेल्या होत्या.

तो कागद वांडा प्रुइटचा. तीस वर्षं नर्स म्हणून राबून, पन्नाशीनंतर तिनं नर्सिंगची डॉक्टरेट मिळवली ती याच कागदावर. नर्सनं दर तासाला खोलीत जायचं, लघवीला जायचंय का, काही दुखतंय का ते विचारायचं आणि सही करायची. कागद पेशंटला दिसेल असा लावायचा, म्हणजे त्याला धीर येतो. वर्षभरात पडणारे पेशंट निम्म्यावर आले. त्या वर्षी मजल्यावर एक नर्स जास्त दिली होती. वांडाला पदवी मिळाली आणि ती नर्स काढून टाकली. कागद तेवढा ठेवला. कागदाला कुठं पगार लागतो!

"नऊ पेशंट आहेत माझ्याकडे, वांडा," टॅकेटची नर्स केलसी रडत म्हणाली. "सह्या सकाळीच उरकते. सगळ्याच उरकतात."

मॅनेजर ग्रेग मॉसर अहवालाचा फॉर्म घेऊन आला. पेशंटचा गोंधळ होतो म्हणून वांडाला कुणी डॉक्टर म्हणायचं नाही, हा नियम त्याचाच.

"डॉक्टर, बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "लिहून टाका, पद्धत निर्दोष, चूक केलसीची. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"तिची नोकरी जाईल."

"मग? खोट्या सह्या कुणी केल्या?"

टॅकेटला स्ट्रेचरवर घेतलं. वांडानं त्याचा हात धरला. "आजोबा, बेल का नाही हो वाजवलीत?"

"वाजवणारच होतो गं. पण अकराची सही दिसली. म्हटलं, पोरगी येऊन गेली, माझाच डोळा लागला असेल. परत कशाला तिला पळवायचं? माफ कर हं."

वांडानं मॉसरच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. 'चूक कोणाची' या रकान्यात लिहिलं, 'ज्यांनी नर्स काढली त्यांची. आणि मी तेव्हा गप्प बसले, म्हणून माझी.' खाली सही केली, डॉ. वांडा प्रुइट.

मॉसरनं ते दोनदा वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"आधी ते डॉक्टर खोडा," तो म्हणाला. "नर्स आहात तुम्ही."